मास्तरीणबाईंचा कूलर

आमच्या घरामागं मी जे खुराडं बांधलं, त्याचं दार आमच्या झोपायच्या खोलीत उघडत असे.

हे मी घाटंजीत बऱ्याच जणांना सांगितलं आहे. माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे कसं?" म्हणजे असंच. खुराडं बाहेर अंगणात, दार आत पलंगावर. कोंबडीला मोकळ्या हवेत फिरायला जायचं असेल तर ती आधी माझ्या उशीवर उतरे, चादरीवरून चालत पायथ्याशी जाई, तिथून खाली उडी, मग बैठक, मग स्वयंपाकघर आणि मग मागचं दार. (परतीचा रस्ताही तोच. फक्त परतताना पाय मातीचे असत.)

माझं कापडाचं दुकान आहे. मापं घेणं हा माझा धंदा. पण कापडाच्या धंद्यात एक सोय असते. थोडं चुकलं तर ओढून घेता येतं. लोखंड ओढून घेता येत नाही हे मला पन्नाशीत कळलं.

झालं ते असं. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. बाबा फुलसावंगीच्या घरी एकटेच राहत. "इकडे या" म्हटलं की म्हणत, "येतो ना, कापूस निघू दे." कापूस निघाला की तूर, तूर निघाली की गहू. शेतात काही ना काही कायम निघायचं राहिलेलंच असतं. शेवटी दिवाळीनंतर ते शेताच्या धुऱ्यावर चक्कर येऊन पडले, शेजारच्या शेतातल्या लोकांनी उचलून घरी आणलं, आणि मी त्यांना काही न विचारता गाडीत घातलं. त्यांनीही काही न विचारता मांडीवर एक टोपली घेतली. टोपलीवर फडकं बांधलेलं होतं. अर्ध्या वाटेपर्यंत मला वाटत होतं, आत भाकरी आहेत. अर्ध्या वाटेच्या पुढं भाकरी ओरडली.

"बाबा, हे काय?"

"कोंबडी."

"ते कळलं. आणली कायले?"

"मंग काय तिले कुलूप लावून येऊ?" मग बऱ्याच वेळानं, खिडकीबाहेर पाहत, "तुह्या मायची हाय."

विषय संपला. आमच्या घरात विषय असेच संपतात.

त्या कोंबडीचं नाव मास्तरीणबाई. नाव आईनं ठेवलेलं. ती मान ताठ ठेवून एकेक पाऊल तोलून टाकायची, आणि कोणी मधे आलं की चोच मारायची, म्हणून. माझी बायको संध्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मी आईला एकदा विचारलं होतं की हे नाव तुला नेमकं सुचलं कशावरून. आई म्हणाली, "कोंबडीवरून." तिचा चेहरा अगदी सरळ होता. संध्याचा नव्हता.

पहिले काही दिवस मास्तरीणबाई मागच्या ओट्यावर डाल्याखाली राहिल्या. मग एका सकाळी डालं उलटं पडलेलं, भिंतीवर गल्लीतला बोका, आणि बाई माझ्या मोटरसायकलच्या सीटवर, पिसं फुलवून बसलेल्या. बाबा ओट्यावर बसले होते. शेजारी त्यांची पिशवी, भरलेली.

"मी जातो," ते म्हणाले.

"कुठं?"

"घरी."

"मग हे काय आहे? हे घर नाही काय?"

"हाय ना. तुहं हाय. तिचं नाई."

पिशवी त्यांनी खुंटीला अडकवली. रिकामी केली नाही. तशीच, भरलेली. त्या दिवसापासून मी घरात शिरलो की आधी खुंटीकडे पाहायचो. पिशवी आहे म्हणजे बाबा आहेत. पिशवी भरलेली आहे म्हणजे किती दिवस आहेत ते सांगता येत नाही.

"मी खुराडं बांधतो," मी जाहीर केलं.

"तुम्ही?" संध्यानं विचारलं. एवढंच विचारलं. शिक्षकांना एका शब्दात नापास करता येतं.

आमच्या गल्लीच्या तोंडावर नसीरभाईचं वेल्डिंगचं दुकान आहे. गेट, खिडक्या, कूलरचे स्टँड, सगळं तो करतो. मी त्याच्याकडे गेलो.

"शेठ, जाळीचा पिंजरा बनवून देतो," तो म्हणाला. "एकदम मजबूत. उसमें तुम भी रह सकते."

(या वाक्याचा मी तेव्हा अपमान मानला. ती भविष्यवाणी होती.)

पण मला त्याच वेळी एक कल्पना सुचली. माझ्या डोक्यात कल्पना क्वचित येते, त्यामुळे आली की मी तिला खुर्ची देतो. मागच्या अंगणात आमचा जुना कूलर उभा होता. हिवाळ्यात काढून ठेवलेला. मी त्याच्याकडे नव्या नजरेनं पाहिलं. पत्र्याची भक्कम पेटी. वर छत. तीन बाजूंना जाळ्या, हवा खेळती. चौथ्या बाजूला पंख्याचं मोठं गोल भोक, म्हणजे आयतं दार! खाली टाकी, तिच्यावर फळी टाकली की झाली जमीन. स्टँडवर ठेवला की बोका पोचत नाही, मुंगूस पोचत नाही. देवानं कूलर कोंबडीसाठीच बनवला आणि आपण इतकी वर्षं चुकीचं वापरून राहिलो, असं मला वाटलं.

"और गर्मी में?" नसीरभाईनं विचारलं.

"उन्हाळा अजून लांब आहे!" मी म्हणालो. यवतमाळ जिल्ह्यात जन्मून असं म्हणणारा मी पहिलाच असेन.

पंखा, मोटर, पंप काढले. आत बसायला एक लोखंडी दांडा आडवा लावायचं ठरलं. आणि नेमक्या बाजाराच्या दिवशी, दुकानात पाय ठेवायला जागा नसताना, दोन बायका एकाच साडीची दोन टोकं धरून भांडत असताना, नसीरभाईचा फोन आला.

"शेठ, बॉडी तयार. रखू किधर?"

"अरे, दरवर्षी ठेवतो तिथंच! हेही मीच सांगू काय?"

"और साइड की जाळ्या?"

"वेल्ड करून टाक. मुंगसाचं नख जाता कामा नये."

"सब पॅक?"

"सब पॅक!"

हे माझे शब्द. नसीरभाईच्या फोनमध्ये कॉल आपोआप रेकॉर्ड होतात. त्याच्या पोरीच्या लग्नात तो हे ऐकवणार आहे.

आता घाटंजीतल्या कोणत्याही माणसाला सांगा, की कूलर दरवर्षी असतो तिथं ठेव. तो काय करील? स्टँडवर चढवील, आणि तोंड खिडकीत घालील. डोळे बांधा, तरी तोंड खिडकीतच घालील. कूलरचं तोंड अंगणाकडे करायला आमच्या भागातल्या माणसाचा हात वळतच नाही. नसीरभाईनं दरवर्षीसारखा कूलर आमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीला लावला, गज कापून केलेल्या चौकटीत त्याचं तोंड बरोबर बसवलं, आणि मग मी सांगितल्याप्रमाणे तो स्टँडला, स्टँड भिंतीला आणि जाळ्या पेटीला कायमच्या जोडून टाकल्या. वानरांची पूर्ण टोळी आली असती तरी तो हलला नसता.

संध्याकाळी मी घरी आलो तर खोलीत बाबा. आमच्या पलंगावर, मांडी घालून. हातात ज्वारी. खिडकीतल्या गोल भोकातून मास्तरीणबाई मान बाहेर काढून, एखाद्या तिकीट खिडकीतल्या बाईसारख्या, एकेक दाणा घेत होत्या.

"गजू," बाबा म्हणाले, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर मला काहीतरी दिसलं, "हे तू लय चांगलं केलं. नजरेसमोर ठेवली. तुह्या मायनं बी असंच केलं असतं."

दारात संध्या उभी होती.

"अहो."

"काय?"

"हिचं दार कुठं आहे?"

मी खिडकीकडे पाहिलं. बाबांकडे पाहिलं. "तिथंच," मी म्हणालो. "मुद्दामच तसं केलं."

संध्या आत आली. मग तिनं पलंगावरची चांगली चादर काढून जुनी घातली. तिची संमती मी तेवढ्यावरून ओळखली.

आणि सुरू झालं. रोज सकाळी, चहाच्या आधी, दारावर टकटक. "मास्तरीणबाई उठल्या काय?" आणि बाबा मूठभर ज्वारी घेऊन आत. मी झोपेचं सोंग घ्यायचो, कारण तुमचे वडील तुमच्या अंगावरून वाकून कोंबडीशी बोलत असताना जागं राहून काय करायचं हे मला माहीत नव्हतं. ज्वारी माझ्या कानात सांडायची. एकदा इस्त्रीच्या शर्टांच्या घडीवर अंडं मिळालं. मी दुकानात बसलो की गिऱ्हाईक माझ्या खांद्यावरून हलकेच पीस उचलून द्यायचं.

पण बाबा बोलायचे. आमच्याशी दिवसभरात चार शब्द बोलणारा माणूस कोंबडीला सगळं सांगायचा. गुडघा कसा आहे. कापसाला काय भाव निघाला. गल्लीत कोण कोणाशी भांडलं. कोंबडीला ते 'तुम्ही' म्हणत, मास्तरीण होती म्हणून. पण मधेच कधी 'तू' यायचं.

"रात्री वांग्याच्या भाजीत मीठ जास्त पडलं व्हतं. मी काई म्हटलं नाई. तू असती तं म्हटलं असतं."

हे 'तू' कोणाला, ते मी कधी विचारलं नाही. डोळे मिटून पडून राहायचो. शेजारी संध्याही तशीच पडलेली असे. (मीठ जास्तच होतं. मला दर आठवड्याला वाटतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मीही कधी काही म्हटलं नाही.)

मग फेब्रुवारी सरला आणि लांबचा उन्हाळा चालत चालत आमच्या दारात येऊन उभा राहिला. बाबांच्या खोलीत छोटा कूलर होताच. आमच्या खोलीला खिडकी एकच, आणि तिच्यात मास्तरीणबाई. एका दुपारी घामानं निथळत मी संध्याला म्हणालो, "जाऊ दे, नसीरला सांगतो. हे कापून काढू, नवा कूलर बसवू."

"आणि बाबांना काय सांगणार?"

मी खुंटीकडे पाहिलं. पिशवी होती. भरलेली.

आम्ही थांबलो. नेमकं त्याच आठवड्यात मास्तरीणबाई खुडूक बसल्या. बाबा आनंदानं गल्लीभर फिरले. नसीरभाईच्या घरी कोंबडा आहे, तेव्हा त्याच्या बायकोनं, शबानाभाबीनं, पदराखाली झाकून अंडी आणून दिली. "चाचा, अल्ला करे सब निकले," ती म्हणाली. बाबांनी ती एकेक करून बाईंच्या पोटाखाली सरकवली आणि जेवताना, वरणात भाकरी कुस्करता कुस्करता म्हणाले, "पिल्लं निघाले का मी जातो."

मी घास खाली ठेवला. "कुठं?"

"घरी. आता तिचं कुटुंब झालं. येवढ्या जनायचं तुह्या खिडकीत भागते काय?"

"उन्हाळ्यात? त्या टिनाखाली? पुन्हा चक्कर आली तर पाहील कोण?"

"आतावरी कोन पाह्यत व्हतं?" ते म्हणाले आणि हात धुवायला उठले.

संध्या माझ्याकडे पाहत होती. मी वरणाकडे पाहत होतो.

इथून पुढं आमच्या घराची जी अवस्था झाली ती मी शक्य तितक्या गंभीरपणे सांगतो. कूलर पत्र्याचा. दुपारी त्याला हात लागला की फोड यावा असा. आत कोंबडी अंड्यावर बसलेली, आणि खुडूक कोंबडी काही झालं तरी उठत नाही. पहिल्या दिवशी संध्यानं जाळ्यांवर ओली पोती टाकली. दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरून कूलरच्या जुन्या गवताच्या ताट्या काढून पोत्यांच्या आत बांधल्या आणि त्यांच्यावर पाणी मारलं. तरी बाई चोच उघडी ठेवून धापा टाकत होत्या. तेव्हा संध्यानं टेबलफॅन आणला, पलंगाच्या मधोमध ठेवला, आणि त्याचं तोंड खिडकीकडे केलं.

म्हणजे पाहा! सगळ्या जगात कूलर माणसाला हवा देतो. आमच्या घरी माणसं कूलरला हवा देत होती. आम्ही दोघं गच्चीवर झोपायला गेलो. सकाळच्या शाळेतून संध्या घरी यायची, उन्हानं लालबुंद. चपला काढायच्या आधी आत जाऊन पोती ओली करायची. वीज गेली की पुठ्ठा घेऊन वारा घालायची. एक शब्द बोलायची नाही. मी एकदा म्हटलं, "तुला त्रास होतो." ती म्हणाली, "पुठ्ठा द्या इकडे."

आणि मी? मी मनातल्या मनात एकच मागणं मागत होतो, की देवा, एकही पिल्लू निघू नये. शबानाभाबी पाच वेळा नमाजात मागत होती की सगळी निघावीत. आमच्या दोघांचे अर्ज वर एकाच टेबलावर जात असणार, आणि तिचे वेळेवर जात होते.

एका दुपारी बाबा त्यांच्या खोलीत पडले होते, संध्या स्वयंपाकघरात होती. मला खिडकीतून बारीक आवाज आल्यासारखा वाटला. चिव. मी पलंगावर चढलो. कान लावला. नीट ऐकू येईना, म्हणून डोकं भोकात घातलं. तरी येईना, म्हणून खांदा घातला. मास्तरीणबाई रागानं उठल्या आणि दांड्यावर जाऊन बसल्या. मी मान वाकवून दांड्याखालून पुढं सरकलो. हनुवटीखाली अंडी. त्यातलं एक आतून टोचलं जात होतं!

आता बाहेर यावं म्हणून मान उचलली, तर दांडा मानगुटीवर. खाली वाकून सरकावं, तर अंडी फुटणार. मागं रेटावं, तर नसीरभाईनं कापून सोडलेल्या तारेत कॉलर अडकलेली. (नख जाता कामा नये असं मी सांगितलं होतं. येता कामा नये असं सांगितलं नव्हतं.) मी तसाच राहिलो. कमरेपासून वर खुराड्यात, कमरेपासून खाली संसारात. मास्तरीणबाईंनी थोडा विचार केला आणि त्या दांड्यावरून माझ्या डोक्यावर येऊन बसल्या. खुडूक कोंबडीला गरम, गोल आणि गुळगुळीत काहीही चालतं.

ओरडावं असं ठरवतच होतो, तेवढ्यात बाहेरून, अंगणाच्या बाजूनं, चपलांचा आवाज आला. बाबा. जाळीवर ओली पोती, त्यामुळं त्यांना आतलं काही दिसायचं कारण नव्हतं. ते खाली बसले. खोकले.

"म्हटलं, तुले सांगाव," ते म्हणाले. 'तू' होतं. मी ओरडायचं रद्द केलं.

"पिल्लं निघाले का जातो म्हटलं मी. पन मले जायचं नाई. तिथं कोन हाय? दार उघडलं का तुही चूल दिसते." पोत्यातून पाणी गळत होतं. "पन सूनबाईकडं पाह्यवत नाई. उन्हातून येते अन् कोंबडीले वारा घालते. पलंगावर ज्वारी सांडते माह्या हातून, रोज झाडते. एक सबद म्हनत नाई. ते म्हनली असती तं मी राह्यलो असतो. घरच्या मानसाले कोनी बी बोलते. पाहुन्यालेच कोनी काई म्हनत नाई."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुसायला हात नव्हता. डोक्यावर कोंबडी होती.

"बाबा," मी आतून म्हणालो, "नका जाऊ."

बाहेरून, अगदी सावकाश:

"मास्तरीणबाई, आवाज काहून बसला तुमचा?"

"बाबा, मी आहे. गजू."

"आत काय करून राह्यला?"

"अडकलो."

"कवापासून?"

"तुम्ही यायच्या आधीपासून."

"मंग आयकलं समदं?"

"हो."

ते उठले. गुडघ्यांचा आवाज आला. "बरं. नसीरले बोलावतो," ते म्हणाले, आणि चार पावलं जाऊन परत आले. "अंडे सांभाळ."

माझ्या मानेबद्दल त्यांनी काही सुचवलं नाही.

तेव्हा मला कळलं की माझे पाय कोणीतरी धरलेले आहेत. संध्या केव्हा आली होती, कुठपासून ऐकत होती, मला दिसायला मार्ग नव्हता. "ओढू काय?" तिनं विचारलं. नाक ओढल्याचा आवाज आला. "नको, अंडी," मी म्हणालो. "बरं," ती म्हणाली, आणि पाय धरून तशीच बसली.

नसीरभाई ग्राइंडर घेऊन धावत आला. पोतं बाजूला करून त्यानं मला आणि माझ्यावरच्या बाईंना पाहिलं. "शेठ," तो म्हणाला, "मैंने बोला था ना, उसमें तुम भी रह सकते."

"काप!"

"हलू नका. मान तुमची, कटर माझं."

त्यानं बटण दाबलं आणि वीज गेली.

आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी वीज जाते यात नवल नाही. नवल एवढंच, की त्या वेळात संध्यानं खिडकीतून पुठ्ठ्यानं वारा घालायला सुरुवात केली. तो कोंबडीसाठी होता की माझ्यासाठी, हे मी विचारलं नाही. आणि त्या अंधाऱ्या, ओल्या, तापलेल्या पेटीत, माझ्या हनुवटीखाली ते अंडं फुटलं. ओलं, काळपट, मान न सावरणारं पिल्लू बाहेर आलं, आणि त्यानं या जगात सगळ्यात पहिल्यांदा जे पाहिलं ते माझं नाक होतं. (ते पिल्लू आजही मी दुकानाला निघालो की फाटकापर्यंत माझ्यामागं येतं. मोठं होऊन कोंबडा झालं, तरी येतं. गल्लीतले लोक आता काही बोलत नाहीत.)

वीज आली. नसीरभाईनं अंगणाकडची जाळी कापली, मग दांडा, मग कॉलर. मी पलंगावर मागं कोसळलो. उरलेल्या केसांत पिसं, मानेला गंज, कपाळावर चोचीच्या खुणा. बाबा दारात येऊन उभे होते. आधी त्यांनी विचारलं, "किती निघाले?" मग माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या मागं खुंटीवर पिशवी.

संध्या उठली. पदर खोचला. मला वाटलं, आता माझी पाळी. पण ती बाबांकडे वळली.

"बाबा!" आवाज शाळेतला होता. "ही ज्वारी कोणी सांडली पलंगावर? चार महिने झाले, रोज झाडून राहिले मी! कानाकोपऱ्यात दाणे, उशीच्या अभ्र्यात दाणे! मुठीत कशाला आणता? कशात तरी घालून आणता येत नाही तुम्हाला?"

नसीरभाई ग्राइंडर हातात धरून तसाच उभा राहिला. बाबांना इतक्या वर्षांत कोणी असं बोललेलं मी पाहिलं नव्हतं. म्हणजे, आई सोडून.

बाबा तिच्याकडे पाहत राहिले.

"नाई येत," ते म्हणाले. मग वळले, खुंटीवरून पिशवी काढली, तिच्यातली दोन धोतरं, सदरा, टॉवेल एकेक करून माझ्या पलंगावर ठेवले, पिशवी उलटी करून झटकली आणि स्वयंपाकघरात गेले. ज्वारीच्या डब्याचं झाकण वाजलं. "हिच्यात आनत जाईन आता," तिकडून आवाज आला.

पुन्हा या विषयावर आमच्या घरात कोणी काही बोललं नाही.

बाकीची पिल्लं दुसऱ्या दिवसापर्यंत निघाली. शबानाभाबीचं मागणं पूर्ण मान्य झालं. कापलेल्या जाळीच्या जागी नसीरभाईनं बिजागरी लावून छान दार केलं, अंगणाकडे उघडणारं, जसं ते पहिल्या दिवशी असायला हवं होतं. मास्तरीणबाई पिल्लं घेऊन त्यातून उतरल्या तेव्हा मला इतका अभिमान वाटला, की जणू मी हे सगळं असंच ठरवलं होतं.

"शेठ," नसीरभाईनं विचारलं, "अब अंदर का मूँह बंद कर दू? पत्रा ठोकतो."

"ठोक," मी म्हणालो. "सब पॅक!"

"राहू दे, नसीरभाई," संध्या आतून म्हणाली.

मी खिडकीपाशी गेलो. गोल भोकाच्या पलीकडे ती चादर झटकत होती. "अगं, आता बाहेरून दार झालं ना? बाबा अंगणातून बोलतील तिच्याशी. हे कशाला हवं?"

संध्यानं चादर नीट अंथरली. उशी ठोकून सरळ केली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "असू द्या. भाजीत मीठ जास्त झालं हे तुम्हाला कधी मला सांगावंसं वाटलं, तर डोकं कुठं घालाल?"